पांढरीचं दुखणं

चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन जिल्हे पालथे घातले तरी ठणठणीत म्हणावी अशी एकही वस्तू सापडणार नाही, असं माझ्या थोरल्या साडूंचं ठाम मत आहे. त्यांची सगळी नोकरी जनावरांच्या दवाखान्यात गेली. सरकारी कागदावर हुद्दा व्रणोपचारक, म्हणजे मलमपट्टी करणारा माणूस. पण मोठे डॉक्टर आठवड्यातून एकदा यायचे आणि गाईम्हशी काही त्यांचा वार पाहून आजारी पडत नसत, त्यामुळे गावाच्या तोंडी साडूच डॉक्टर झाले. निवृत्तीनंतर जनावरं सुटली, तपासण्याची सवय सुटली नाही. घरातल्या पंख्याला धाप लागते, मिक्सरला पोटफुगी होते, आणि शिवणयंत्राचा एक पाय त्यांच्या मते गेली पाच वर्षं लंगडतो आहे. माझ्या लग्नात मी हळदीने माखून पाटावर बसलो होतो तेव्हा त्यांनी माझी खालची पापणी ओढून आत पाहिलं आणि सासऱ्यांना मोठ्यांदा सांगितलं, "जनावर चांगलं हाये, फक्त खुराक वाढवा." सासऱ्यांनी गंभीरपणे मान डोलावली. तेव्हापासून सासुरवाडीला मला कुणी दोन पोळ्यांवर उठू दिलेलं नाही.

ब्रह्मपुरीपासून थोडं आत, वैनगंगेच्या अंगाला त्यांचं गाव. घर गावाच्या टोकाला आणि मागच्या कोठ्याची भिंत संपली की लगेच धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं. त्या कोठ्यात पूर्वी बैल असत. आता तिथे एक जुनी पांढरी मोटार उभी असते. साडूंनी ती कुणाकडून तरी वापरलेली घेतली आणि तिचं नाव पांढरी ठेवलं. लोक दसऱ्याला गाडीची पूजा करतात, हे पोळ्याला करतात. बैलांची जुनी झूल बॉनेटवर घालतात, आरशांना गोंडे बांधतात आणि पुरणपोळीचा घास रेडिएटरच्या जाळीला टेकवून स्वतः खातात. गाडी घ्यायची ठरली तेव्हा इतरांनी कागद पाहिले; यांनी बंपर हलवून दात पाहिले, असं ताई सांगते. ताई म्हणजे माझ्या बायकोची मोठी बहीण, या गृहस्थांची पत्नी. ती कमी बोलते, पण बोलली की घरातल्या सगळ्या आजारी वस्तू एकदम बऱ्या होतात.

तर गेल्या दिवाळीच्या आगेमागे या पांढरीला दुखणं लागलं. संध्याकाळी चांगली चालून आलेली गाडी तीन-चार दिवस उभी राहिली की सकाळी चावी फिरवल्यावर नुसतं 'टक' म्हणायची. बॅटरी पार उतरलेली. मग ढकला, सुरू करा, चार कोस फिरवा, की पुन्हा दोन दिवस बरी. एकदा ब्रह्मपुरीच्या भर बाजारात ताईला नवी साडी नेसून गाडी ढकलावी लागली आणि ते तिच्या माहेरच्या निम्म्या गावाने पाहिलं. त्या दिवशी घरी येऊन ताई एवढंच म्हणाली, "या गुरुवारपर्यंत बिमारी सापडली नाई, तं पांढरी भंगारात." भंगारवाल्याला तिने निरोपही धाडला. साडूंनी मला चंद्रपूरला फोन केला. आवाज रडवेला होता. "पांढरी जाते रे बावा. तू ये. तुलेच जमन."

मी कारकून माणूस. गाडीची माहिती म्हणाल तर पेट्रोलचं झाकण कोणत्या बाजूला आहे इथपर्यंत. पण एवढ्या मोठ्या माणसाने एवढ्या विश्वासाने बोलावल्यावर अंगात काहीतरी संचारतं. मी रजा टाकली, मोबाइलवर बॅटरी उतरण्याचे दोन व्हिडिओ पाहिले आणि एक बारका बल्ब व दोन चिमटे घेऊन रविवारी दाखल झालो. साडूंनी बॉनेटला कान लावला होता. हात वर करून त्यांनी मला गप्प केलं, बराच वेळ ऐकलं आणि निदान सांगितलं, "गाय चांगली हाये. कोन्तं तरी वासरू चोरून पेऊन जाते." मी हसलो. ओसरीवर तांदूळ निवडत बसलेली ताई हसली नाही.

मी कामाला लागलो. बॅटरीची एक तार सोडवून मधे बल्ब लावायचा. गाडी बंद असताना बल्ब पेटला तर कुठेतरी वीज गळते आहे. मग एकेक फ्यूज उपटायचा आणि ज्या फ्यूजला बल्ब विझेल तो चोर. इतकं सोपं. साडूंनी उपटलेले फ्यूज गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटांत भरून वर 'सकाळी', 'दुपारी' असं लिहिलं. अडचण एवढीच झाली की बल्ब पेटलाच नाही. बल्ब गेला असेल म्हणून दुसरा आणला, तोही पेटला नाही. सरळ बॅटरीला लावला तर लख्ख पेटला. म्हणजे गाडीत गळती नव्हती. म्हणजे बॅटरी उतरायला नको. पण बॅटरी तर उतरत होती. मी रेडिओ काढला, घड्याळ काढलं, हॉर्न काढला. गोंडपिपरीकडचा एक मेकॅनिक लग्नाला गावात आला होता, त्याला मांडवातून उठवून आणलं. त्याने बॅटरी भरणाऱ्या अल्टरनेटरकडे पाहून "डायोड असन" असं सांगितलं आणि जेवायला परत गेला. आम्ही डायोडवाला भागही सुटा करून पाहिला. बल्ब तसाच मख्ख.

मग मला वाटलं, डिकीतला दिवा आत पेटत राहत असेल. हे पाहायचं तर कुणीतरी आत जायला हवं. साडू म्हणाले, "तू लहान हायेस." मी पंचावन्न वर्षांचा आहे. मी पाय पोटाशी घेऊन डिकीत निजलो, झाकण बंद झालं आणि दिवा विझला. तेवढ्यात कुणाचीतरी शेळी अडली म्हणून साडूंना हाक आली आणि ते गेले. पाऊण तासाने ताईने मला बाहेर काढलं. "काय सापडलं, भाऊजी?" मी म्हटलं, "काही नाही." ती माझ्याकडे जरा कीव आल्यासारखं पाहत राहिली, मग म्हणाली, "चहा घ्या."

एक साधा उपाय मला मंगळवारी सुचला. रोज संध्याकाळी बॅटरीची तारच काढून ठेवायची; चोर कुणी का असेना, उपाशी मरेल. हे ऐकताच साडू एकदम दचकले. "सांजच्याले नाळ तोडाची? मुक्या जनावराची?" मग रात्री जागून तपासू म्हटलं, तर ते म्हणाले की रात्री जनावराला हात लावला की ते बुजतं. मी पार चक्रावलो. गाडी वाचावी म्हणून ज्याचा जीव तुटत होता, तोच माणूस माझा प्रत्येक चांगला उपाय मोडीत काढत होता. मी चिडलोही. जेवताना मान खाली घालून नुसता भात कालवत राहिलो. त्यांनी मात्र आपल्या ताटातली वांग्याची फोड माझ्या ताटात सरकवली.

बुधवारी पहाटे थंडीने जाग आली. उजाडायला थोडा अवकाश होता. म्हटलं, उठलोच आहे तर पांढरीला पाहून यावं; उद्या ती जाणारच होती. कोठ्यात शिरलो तर बॉनेट उघडं आणि त्यात कुणीतरी वाकलेलं. मी ओरडलो. ती व्यक्ती शांतपणे सरळ झाली. धुरपताबाई. धुऱ्यापलीकडची, म्हणजे शेताच्या बांधापलीकडची बांधी हिची, एकटी बाई, साठीच्या पुढची. ताईची आणि तिची दहा वर्षं बोलचाल बंद. धुऱ्यावर एक मोहाचं झाड आहे, फुलं दोन्हीकडे पडतात, आणि एका वर्षी कुणी कुणाच्या बाजूची टोपलीभर मोहफुलं वेचली यावरून जे पेटलं ते विझलंच नव्हतं. आता तिच्या हातात दोन चिमटे होते, आणि त्यांची वायर भिंतीच्या मोरीतून शेतात गेली होती.

"काय करून राह्यल्या, बाई?" मी विचारलं.

"वायर काढून राह्यली. रोज काढतो नं मी, उजाडाच्या आंधी." ती माझ्यावरच वैतागली. "माह्या झटका मशीनची बॅटरी फुगली. तारेत करंट नसन तं रानडुकरं एका राती बांधी साफ करतेत. डाक्टरच म्हणे, सांजेले लावजो, सकाळी काढजो. फक्त आमच्या बाईले नोको सांगजो म्हणे."

या भागात धान पिकायला लागलं की शेताभोवती तार ओढतात आणि बॅटरीवरच्या यंत्राने तिला हलका झटका देतात, म्हणजे डुकरं माघारी फिरतात. धुरपताबाईचं सगळं वर्ष त्या एका बांधीत उभं होतं, आणि रात्रभर ते राखत होती आमची पांढरी. दिवसा आम्ही गळती शोधत होतो तेव्हा वायर धुऱ्यापलीकडे गुंडाळून ठेवलेली असे.

साडू कडुनिंबाची काडी चावत परसात उभे होते. मी म्हटलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"माहीत काऊन नसन? मीच तं लावून देलो."

"मग मला चंद्रपूरहून कशाला बोलावलंत?"

ते माझ्याकडे फार प्रेमाने पाहत म्हणाले, "तुले गाडीतलं काई समजत नाई म्हणून. शोधून राह्यलो असं बाईले दिसाले तं पायजे. समजणारा बलावलो असतो तं एका दिवसात सापडवलन असतं."

मला रागही आला आणि हसूही. ताईला खरं सांगून टाका, गाडी वाचेल, असं मी परोपरीने सांगितलं. ते मान हलवत राहिले. सांगितलं तर ताई वायर तोडेल, आणि धान कापायला अजून आठ दिवस होते. "मंग पांढरीचं काय?" मी नकळत त्यांच्याच बोलीत विचारलं. त्यांनी काडी थुंकली, दुपट्ट्याच्या टोकाने हेडलाइट पुसला, मग दुसराही पुसला. "म्हातारी झाली बावा ते," असं म्हणाले आणि तोंड फिरवून उभे राहिले. या माणसाला मी पंचवीस वर्षं हसत आलो होतो. 

गुरुवारी भंगारवाला टेम्पो घेऊन आला. साडूंनी पांढरीला धुतलं होतं, कुंकू लावलं होतं, गोंडे बांधले होते. चावी हातात घेऊन ते उभे होते आणि बोटं काही उघडत नव्हती. मी ताईकडे पाहिलं, काही बोलावं म्हणून तोंड उघडलं, तर साडूंनी डोळ्यांनी दटावलं. तेवढ्यात ताई पदराला हात पुसत ओसरीवरून खाली आली आणि भंगारवाल्याला म्हणाली, "गाडी नाई देत, भाऊ. वासरू पेऊन राह्यलं अजून. धान निघू द्या."

भंगारवाल्याने माझ्याकडे पाहिलं. मी साडूंकडे पाहिलं. साडू मोरीकडे पाहत होते. ताई वळली आणि जाताना नवऱ्याला म्हणाली, "पहाटे अंगण मीच झाडतो जी. मले डोये हायेत." बस, एवढंच. मग गुरुवारची धमकी कशाला होती, ती गाडी विकणार होती की नवऱ्याच्या तोंडून खरं काढणार होती, कोण कुणापासून काय लपवत होतं, हे मला आजवर कळलेलं नाही. विचारायची हिंमतही झालेली नाही.

त्या संध्याकाळी वायर उघडपणे, उजेडातच आली. धान निघालं. नव्या तांदळाची एक टोपली धुऱ्यावर मोहाखाली ठेवलेली दिसली; ताईने ती आत नेली आणि उन्हाळ्यात तीच टोपली मोहफुलांनी भरून पुन्हा झाडाखाली ठेवली. दोघी अजूनही बोलत नाहीत. पांढरी कोठ्यात आहे, आणि या सुगीला धुरपताबाईकडे नवी बॅटरी आली असूनही साडू रोज तिन्हीसांजेला बॉनेट थोडं उघडं ठेवतात म्हणे. काय सांगावं, लागली तर.

माझी गाडी नवी आहे. चंद्रपुरात इमारतीच्या खाली, दोन आखलेल्या रेघांच्या मधे उभी असते. आठ-आठ दिवस हात लावला नाही तरी एका चावीत सुरू होते. पूर्वी मला याचं फार कौतुक होतं. हल्ली सकाळी ती अशी चटकन सुरू झाली की मी क्षणभर तसाच बसून राहतो. रात्रभरात हिच्याकडे कुणीच आलेलं नसतं.