मीठ कुठं जातं?

आमचं दीड एकर रान खारावलं तेव्हा मी सातवीत होते. ऊस गुडघ्याएवढा व्हायचा आणि पिवळा पडून तिथंच थांबायचा. ऊन वाढलं की सऱ्यांवर मिठाचा पांढरा थर दिसायचा. वडील त्यावर आणखी पाणी सोडायचे. म्हणायचे, "दाबून पाणी दिलं की मीठ धुऊन जातंय." खाली निचराच नव्हता. पाणी उन्हानं उडून जायचं, मीठ राहायचं. स्वतःचं रान असून आई-वडील लोकांच्या द्राक्षबागेत कामाला जाऊ लागले.

घरातून कॉलेजला गेलेली मी पहिली. सांगलीत एम.एस्सी.ला प्रोजेक्टसाठी मी मुद्दाम खाऱ्या पाण्यात वाढणारं सूक्ष्म शेवाळ घेतलं. मिठातही काही जगतं, हे मला डोळ्यांनी बघायचं होतं.

काचेच्या चंबूंत कमी, मध्यम आणि जास्त मिठाचं पाणी केलं. कुठल्या पाण्यात शेवाळ किती वाढतं आणि गाजरासारखा केशरी रंग किती धरतं, ते मोजायचं होतं. उन्हाळ्यात पाणी आटायचं. मी रोज त्या त्या मिठाचंच पाणी ओतून चंबू पहिल्याइतके भरायचे. तिसऱ्या आठवड्यात सगळ्यांची वाढ थांबली. मध्यम मिठाच्या चंबूंतलं हिरवं पिवळट पडलं, आमच्या उसासारखं. चंबू घेऊन मी प्रोजेक्टच्या मॅडमकडं गेले. हे वर्ष गेलं तर घरून पुढच्या वर्षाचे पैसे मिळणार नव्हते.

मॅडमनी विचारलं, "आटलं ते पाणी. मीठ कुठं गेलं?"

मीठ चंबूतच राहिलं होतं, आणि मी रोज वरून आणखी घालत होते. आता कुठल्या चंबूत किती मीठ झालंय, तेही कळायला मार्ग नव्हता. सगळं मोरीत ओतलं.

घरी वडिलांना फोन केला. "आबा, तुमी रानात केलं तेच मी हितं केलं."

"मग एवढं शिकून काय उपेग झाला गं?" ते हसले. मग म्हणाले, "आमाला तवा कुणी इचारलंच न्हाई, मीठ कुठं जातंय म्हणून."

पुन्हा पहिल्यापासून लावलं. चंबूंवर पातळीच्या खुणा केल्या आणि आटेल तेवढं नुसतं शुद्ध पाणी घातलं. मध्यम मिठात शेवाळ दाट हिरवं झालं. जास्त मिठात वाढ खुंटली, पण रंग केशरी आला.

रान अजून पांढरंच आहे. त्यावर माझ्याकडं उपाय नाही. मी एम.एस्सी. पास झाले.