बर्फ नेणारा चोर

ती घटना आठवली की माझ्या डोळ्यांपुढे आधी टेबलावरून गळणारे पाणी येते, माणसे मागाहून येतात. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत मी सातपुड्याच्या पायथ्याशी, अक्कलकुव्याच्या बाजूला ठाणे प्रभारी होतो. नावे कोणाचीच देणार नाही.

बाजाराचा दिवस होता. दुपारी एक बाई ठाण्यात आल्या. वैद्यकीय महाविद्यालयात मेडिसिन शिकवणाऱ्या प्राध्यापक डॉक्टर. सिकलसेल या आईबापांकडून येणाऱ्या रक्ताच्या आजारावर त्यांचे संशोधन चालले होते. पाड्यापाड्यांत त्याच त्याच घरांमध्ये त्या वर्षानुवर्षे जात होत्या. त्यांचा प्रश्न साधा होता. एकाच घरातले दोन भाऊ, दोघांना हाच आजार. एक दर पावसाळ्यात हातपाय दुखून अंथरूण धरतो आणि दुसरा ऊसतोडीला जाऊन येतो, हे कसे? उत्तर शोधायला त्यांनी पुन्हा सगळ्यांचे रक्त घेतले होते. रक्ताच्या नळ्यांची निळी पेटी जीपमध्ये होती. ड्रायव्हर चहाला उतरला आणि पेटी गेली.

ठाणे अंमलदाराने सवयीने विचारले, "मुद्देमालाची किंमत?"

"पेटीची की रक्ताची?" बाईंनी विचारले. त्याने रकाना कोरा सोडून स्टेशन डायरीला नोंद घेतली.

"साहेब, आतला बर्फ संध्याकाळपर्यंत टिकेल," बाई मला म्हणाल्या. "रक्त नासले, तर या लोकांकडे पुन्हा कोणत्या तोंडाने जाऊ? दिलेले रक्त मी हरवले म्हणतील, आणि पुन्हा कोणी दंड पुढे करणार नाही. इतक्या वर्षांचे काम इथेच थांबेल."

मी बाजारात माणसे पेरली. भुरटे चोर सगळे ओळखीचे, पण ते मोबाइल नेतात, कोंबडी नेतात. रक्त कोण नेणार? हवालदाराला जादूटोण्याचा संशय आला. मी त्याला म्हटले, आधी भंगारवाले बघ, भुते नंतर बघू.

खबर आली ती स्टँडसमोरच्या किराणा दुकानदाराकडून. राजस्थानातून आलेल्या घराण्यातला, तिसऱ्या पिढीचा माणूस. गिऱ्हाईक काय घेते याहून ते का घेते याची त्याला जास्त चौकशी. फोनवर म्हणाला, "साहेब, डोंगरातला एक जण बर्फ घेऊन गेला. घरी लग्न नाही, शरबताची गाडी नाही. कशाला म्हणून विचारलं, तर बोलला नाही. तो परत येणार बघा."

मला तिथेच उलगडा होऊ लागला. पेटी फेकायला चोरणारा माणूस बर्फ विकत घेत नाही. याला आतला माल नासू द्यायचा नव्हता. साध्या वेशातले दोन शिपाई दुकानाशी बसवले आणि तो खरेच परत आला. गमछ्यात बर्फाचा तुकडा बांधून निघाला, तसाच त्याला ठाण्यात आणला.

चाळिशीचा, काटक माणूस. घरी भिली बोलणारा, बाजारापुरती अहिराणी येणारा. चौकशीत मी आधी पाणी देतो. घसा ओला झाल्यावर माणूस खोटे तरी नीट बोलतो. हा पाणी प्यायला आणि त्याने तोंड मिटले. गमछा माझ्या टेबलावर होता. बर्फाचे पाणी कडेवरून खाली गळत होते आणि बाईंची नजर त्यावरच होती.

"बर्फ कोणासाठी?"

त्याने हात पुढे करून गमछा बर्फाभोवती आवळला.

"पेटी कुठे आहे?"

त्याने जमिनीकडे पाहिले. हवालदार माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "साहेब, ह्या चोर नही वाटी ऱ्हायना." मलाही वाटत नव्हता. त्याला भीती होती, पण ती आम्हा पोलिसांची नव्हती.

मग मी बाईंकडे वळलो. "मॅडम, कोणत्या घरांचे रक्त होते आणि कोणाला काय निघाले आहे, ते सांगा. याचा त्यात काय संबंध, ते लगेच कळेल."

"ते मी सांगणार नाही."

"मी तुमचीच पेटी शोधतोय."

"हो. पण रक्त घेताना मी शब्द दिलाय, कोणाला काय निघाले ते मी बाहेर बोलणार नाही. म्हणून तर नळ्यांवर नावे नाहीत. पेटी गेली तरी चालेल."

मला राग आला, खोटे कशाला सांगू? भरल्या ठाण्यात मला नाही म्हणणारी माणसे थोडी. पण त्या माणसाने मान वर केली. बाईंकडे बघत त्याने विचारले, "साहेबले बी नही सांगस?"

"नाही," बाई म्हणाल्या.

तो बाकावर त्यांच्याकडे वळून बसला. मग बोलू लागला. रक्ताला तो 'रंगत' म्हणत होता. "मन्ही पोरनं रंगत शे तेम्हा. तेवढंच काढी लेवानं व्हतं. पन नळीवर नावच नही, नुसता आकडा. बाकीसनं रंगत नासाले नको, म्हनीसन बरफ लयना."

त्याने सांगितल्याप्रमाणे पेटी स्टँडमागे कुंभाराच्या मडक्यांच्या आडोशाला, ओल्या पोत्याखाली होती. शिपायाने ती आणली. आत सगळे थंड होते. बाईंनी झाकण लावले आणि त्या पहिल्यांदाच खुर्चीत टेकून बसल्या.

"मुलीचेच रक्त का काढायचे होते?" मी विचारले.

मुलीचे लग्न होळीनंतर करायचे ठरले होते. पूर्वी आश्रमशाळेत तपासणी झाली, तेव्हा कोणीतरी सांगितले होते, तुझी मुलगी वाहक आहे. आता हे नवे रक्त मोठ्या शहरात जाणार, तिथून कागद येणार, तो नवऱ्या मुलाच्या गावात पोचणार, ही त्याची भीती.

"वाहक म्हणजे काय, माहीत आहे?"

"मच्छर," तो म्हणाला.

कोणी हसले नाही. आरोग्य केंद्राच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवलेले असते, डास हे रोगाचे वाहक आहेत. माझ्या हवालदाराला वाहक म्हटले की एसटीतला तिकीटवाला आठवतो. या बापाला आपली मुलगी घराघरांत रोग पसरवणारा डास झालेली दिसली होती. ते ओझे तो एकटाच वागवत होता.

बाई खुर्ची सोडून त्याच्या बाकावर जाऊन बसल्या. आमचा एक शिपाई डोंगरातला. तो त्यांचे बोलणे भिलीत सांगत गेला. हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही. वाहक आजारी नसतो, त्याच्याकडे आजाराचा अर्धा वाटा असतो. नवऱ्याकडेही आजाराचा वाटा असेल, तरच मुलांना आजार होण्याचा धोका. म्हणून त्याचेही रक्त तपासावे, एवढेच. बापाने तेच पुन्हा पुन्हा विचारले आणि बाईंनी तितक्याच वेळा सांगितले.

बाईंनी फिर्याद दिली नाही. पेटी मिळाली, आतील वस्तू शाबूत, अशी डायरीला नोंद करून मी विषय मिटवला. पुढे त्या पाड्यांमध्ये बाईंनी 'वाहक' हा शब्द वापरणे सोडल्याचे ऐकले.

माणसाकडून बोलून घेणे ही माझी उभ्या नोकरीची कमाई, असे मी समजत होतो. त्या दुपारी मात्र एक बाई बोलल्या नाहीत म्हणून एक माणूस बोलला. एवढ्या वर्षांत ही रीत मला कोणी शिकवली नव्हती.

काठी गावच्या मोठ्या होळीला माझा बंदोबस्त होता. गर्दीत तो भेटला, अंगावर नवा सदरा. जावयाने स्वतःहून रक्त तपासून घेतले, लग्न ठरल्याप्रमाणे होणार, असे आनंदाने सांगू लागला.

"मग काय निघाले जावयाचे?" मी विचारले.

तो हसला आणि मान हलवत म्हणाला, "ते तुले बी नही सांगाव, साहेब."