मुलाखतीच्या सकाळी नेटवर्क कार्ड

परवा सकाळपासून माझं डोकं ठिकाणावर नाही. इकडे उत्तरेत, ब्रह्मा घाटावरच्या आमच्या घरात जे घडलं ते कुणाला तोंडी सांगितलं तर थाप वाटेल... म्हणून लिहूनच टाकते.

परवा दुपारी माझी पुण्यातल्या एका शाळेची ऑनलाइन मुलाखत होती. कॉम्प्युटर टीचरची कायम पोस्ट, जिची मी कधीपासून वाट बघतेय. अट अशी की मोबाईल चालणार नाही, कॉम्प्युटरच हवा, कारण स्क्रीनवर शिकवून दाखवायचं होतं.

आमचा कॉम्प्युटरचा डबा जुना, मुलाखतीचं सॉफ्टवेअर त्यावर चालेचना. म्हणून आदल्या संध्याकाळी सगळ्या वायरी काढून धूळ झटकली. सकाळी वायरी परत लावल्या, जुनं सगळं पुसलं आणि नवी ऑपरेटिंग सिस्टीम टाकायला घेतली. अहो, मुलांना मी हेच तर शिकवते!

आणि इन्स्टॉलेशन मध्येच अडलं. आधी इंटरनेट जोडा म्हणे, पुढे जायचं बटणच नाही. आमच्याकडे वायफाय नाही, नेटची वायर थेट डब्यात जाते... आणि ती तर लावलेली होती!

मग मी शांतपणे विचार केला. (शांतपणे म्हणजे माझ्या मानाने.) नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारं सॉफ्टवेअर, नसेल. घरात मोबाईलला रेंजची एक काडी येत नाही, म्हणून गच्चीवर पळाले, ड्रायव्हर उतरवला, पेनड्राइव्हवर घेतला, खाली येऊन टाकला. कार्ड दिसायला लागलं, मी हुश्श केलं... आणि स्क्रीनवर ओळ आली, 'केबल जोडलेली नाही'.

अरे जोडली आहे की! वायर बदलून पाहिली, मोडेम बंद करून चालू केला. गच्चीवरून फोन केल्यावर नदीपलीकडच्या रामनगरची मैत्रीण बिचारी स्वतःचा लॅपटॉप घेऊन निघाली, तर घाटांवरच्या देव दिवाळीला लोटलेल्या गर्दीत पुलावरच अडकली.

शेवटी चिडून डबा फिरवला, वायर उपसली आणि त्या भोकात मोबाईलचा टॉर्च मारला. आत लालभडक! क्षणभर वाटलं, काहीतरी जळलं. नीट पाहिलं तर ओलं कुंकू... हळद... आणि पिनांच्या मधोमध अडकलेली एक अक्षता.

"नानाऽऽ!" मी अशी किंचाळले की खालून चहावाला त्याच्या बोलीत ओरडला, "का भयल, दीदी?"

नाना म्हणजे माझे वडील, रिटायर्ड संस्कृत शिक्षक. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. संध्या आटोपून ते दारात येऊन उभे राहिले आणि हो म्हणाले, पहाटे मीच पूजा केली, नवीन सिस्टीम येणार म्हणालीस ना?

आता आमच्याकडे नवा मिक्सरसुद्धा हळदकुंकवाशिवाय चालू होत नाही, ते मला मान्य. पण म्हणून भोकात?

"मुलाखत कुठून येणार असं मी विचारलं, तर तूच हे दाखवलंस. मग उंबरठा समजून तिथेही लावलं."

माझा ताबाच सुटला. नको नको ते बोलले. तुम्हाला मला पाठवायचंच नाहीये, असंही बोलून गेले. कारण महिनाभर हा माणूस पुण्याचं नाव काढलं की ताटावरून उठत होता.

नाना चिडले नाहीत. खाली बघत म्हणाले, "तू जायलाच हवंस. मला ते तोंडाने बोलवत नव्हतं, म्हणून देवाला सांगितलं."

इतका मोठा धक्का त्या कुंकवानेही दिला नव्हता.

डब्याचा प्लग काढला, अक्षता चिमट्याने उचलली, कापसाच्या काडीवर स्पिरिट घेऊन एकेक पिन पुसली. नाना शेजारी टॉर्च धरून उभे होते. उजेड सारखा हलत होता... एरवी मी ओरडले असते, परवा मात्र त्यांचं मनगट धरून उजेड पिनांवर आणला.

वायर लावली, मशीन सुरू केलं आणि भोकाशेजारचा हिरवा दिवा लुकलुकला. नानांनी त्यालाही नमस्कार केला! मुलाखत थोडी उशिरा सुरू झाली, पण झाली, आणि चांगली झाली.

निकाल अजून यायचा आहे. इतके दिवस ही नोकरी मिळणार नाही अशी भीती होती... परवापासून मिळेल याची वाटायला लागली आहे.