आक्कांची लांबलेली पूजा

आमच्या शिवक्का सकाळी कढीपत्ता वाटत फिरायच्या. अंगणातलं झाड अवाढव्य वाढलेलं, आणि फुकटची वस्तू घरी ठेवणं त्यांच्या जिवावर यायचं. पहिलं फाटक अमीनाभाभींचं. तिथं "क्या पकारें भाभी?" पुढच्या सरदारजींच्या घरी बीजींना "सत स्री अकाल, की हाल?" देगलूरकडच्या तेलुगू लक्ष्मीबाईंच्या दारात "एमम्मा, बागुन्नावा?" आणि शेवटी माझ्याकडे मराठीत, "बाई, उठल्या का न्हाई अजून?" विष्णुपुरीच्या रस्त्यावरच्या आमच्या कॉलनीत एवढ्या भाषा बोलणारं दुसरं माणूस नव्हतं. आता त्या सगळ्या भाषा आक्का चुकीच्या बोलायच्या, ही गोष्ट निराळी. मी तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलेली; एकदा न राहवून चूक काढली. तर म्हणाल्या, "चुकू द्या की. ज्याच्या दारात जावं त्याच्या बोलीत बोलावं. मंग त्याला न्हाई म्हणायला जड जातंय."

त्यांची स्वतःची भाषा कानडी. माहेर उदगीरच्या पलीकडं, अगदी सीमेवर. लग्न होऊन नांदेडला आल्या तेव्हा नवऱ्याचं किराणा दुकान होतं, गिऱ्हाईक सगळं मराठी नाहीतर उर्दू. एकुलत्या एका मुलाला, महेशला, शाळेत पोरं कानडी म्हणून चिडवायची. तो रडत घरी आला आणि त्या दिवसापासून आक्कांनी त्याच्याशी मराठी धरली. महेशला कानडीतलं आज ओ की ठो कळत नाही. "लई शाणपणा केला मी तवा," असं त्या म्हणायच्या आणि विषय बदलायच्या.

नात झाली, आर्वी, तेव्हा मात्र त्यांनी सगळी कसर भरून काढायची ठरवलं. दिवसभर पोरीला काखेत घेऊन कानडीत गुलुगुलू. सून रेवती लातूरची, इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते, हुशार आणि मनानं चांगली. पण आर्वी अडीच वर्षांची झाली तरी बोलेना. बालवाडीच्या मॅडमनी सांगितलं, घरात एकच भाषा ठेवा, मूल गोंधळतंय. त्या संध्याकाळी मी तिथंच चहा पीत बसले होते.

"आई, राग मानू नका," रेवती म्हणाली. "पण आर्वीशी आता फक्त मराठीत बोला."

आक्कांनी महेशकडं पाहिलं. तो मोबाइलमध्ये. मग माझ्याकडं पाहिलं. आणि मी, शहाणी मास्तरीण, मान डोलावून म्हणाले, "बरोबर आहे तिचं, आक्का. पाया पक्का हवा." आता आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

"बरं," आक्का म्हणाल्या. "आजपासून न्हाई बोलणार तिच्याशी कानडी."

आणि शब्द पाळला हो त्यांनी! पण घर एकदम गप्प झालं. "जेवलीस का? हात धू. झोप." एवढंच. एकदा माझ्या ओट्यावर बसून म्हणाल्या, "बाई, मराठीत मला बाजार करता येतंय, भांडता येतंय. लाड करता येईना. तोंडात शब्दच न्हाईत त्येचे." मी त्यांना दोन बडबडगीतं लिहून दिली! किती माझं ते ज्ञान.

महिनाभरानं रेवती म्हणाली, "काकू, आई हल्ली फारच धार्मिक झाल्यात. पंधरा मिनिटांची पूजा तासभर चालते." मला नवल वाटलं. एके सकाळी मुद्दाम गेले. आक्का पाटावर बसलेल्या, गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेतलेलं, त्यावर विभूती, बेलाचं पान. लिंगायतांची रोजची पूजा, त्यात नवीन काही नाही. पण ओठातल्या ओठात जप करणाऱ्या बाई मोठ्यानं कानडीत बोलत होत्या. हसत होत्या, दटावत होत्या, मधेच "बंगारी, बंगारी" म्हणत होत्या. म्हणजे सोन्या, एवढं मलाही ठाऊक होतं. नजर तळहातावर. आणि समोर आर्वी मांडी घालून, तोंड उघडं टाकून ऐकत बसलेली.

"काय आक्का, शब्द मोडला?"

"कुठं मोडला?" त्यांनी मान वर केली नाही. "मी माझ्या देवाशी बोलून राहिले. काल काय रांधलं, मांजरीनं किती पिल्लं घातली, समदं सांगावं लागतंय त्येला. पोरगी ऐकती तर मी काय तिच्या कानात बोळे घालू?"

मी रेवतीला यातलं काही सांगितलं नाही. माझ्याकडून घडलेली तेवढीच एक चांगली गोष्ट.

आर्वी तिसऱ्या वर्षी बोलायला लागली, ती मराठीच, आणि अशी की थांबेना. रेवती खूश. पूजा तासभर चालूच राहिली.

आक्का गेल्या, त्याला आता वर्ष होईल. त्याच्या तीन महिने आधी त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला आणि वाचाही. दवाखान्यातून घरी आणल्यावर हळूहळू थोडे शब्द परत आले, पण ते कानडी. मराठी पुसूनच गेली होती. मराठीत विचारलेलं निम्मंशिम्मं कळायचं, तेही खुणा केल्यावर. रेवती रजा टाकून उशाशी बसायची. एकदा ती मऊ भात भरवत होती आणि आक्का "साकु, साकु" करत होत्या. रेवतीला वाटलं, अजून हवाय. ती घास पुढं करतेय, आक्का मान फिरवतायत, डोळ्यांत पाणी.

"आई, बास झालं म्हणतेय आज्जी," आर्वी दारातून म्हणाली. जेमतेम साडेचार वर्षांची.

रेवतीनं चमचा खाली ठेवला. "तुला कसं कळलं?"

"देवाला सांगायची ना रोज."

त्या दिवसापासून आर्वी आजीजवळच. पाणी हवंय, कूस बदला, खिडकी लावा, सगळं ती सांगायची. रेवती तिच्यामागं उभी राहून शब्द पाठ करायची. वहीत लिहून घेताना मी तिला पाहिलंय.

एका दुपारी मी तिथं असताना रेवती पलंगाशी खाली बसली. आक्कांचा हात तिनं हातात घेतला. मग आर्वीला म्हणाली, "आज्जीला विचार, माझ्यावर राग आहे का."

आर्वीनं आजीकडं तोंड केलं, विचार केला, परत आईकडं वळली.

"राग कसा म्हणायचा ते मला येत नाही," ती म्हणाली. "आज्जी तो शब्द कधी बोललीच नाही."