पान न उलटता वाचणारी पोरं

यासीनने पान उलटलंच नाही, तरी पुढच्या पानावरचं वाक्य वाचून मोकळा झाला.

मी त्याच्या हातातलं पुस्तक घेऊन मिटलं. "पुढे वाच."

तो वाचतच राहिला. डोळे खिडकीकडे, अंग मागेपुढे झुलतंय, उच्चार स्वच्छ. 'द हेन इज ऑन द बेड. द मॅन हॅज अ बॅग.' थेट शेवटच्या पानापर्यंत. बाकीच्या पोरांना उभं केलं. तेच. आख्खं रीडर, म्हणजे नवशिक्यांचं वाचनाचं पुस्तक, वर्गाला तोंडपाठ होतं.

मी वडशाच्या एका शाळेत इंग्रजी शिकवते. शाळा सुटली की गावातल्या मदरशात जाऊन लहान पोरांना इंग्रजी वाचन आणि संभाषण शिकवायचं मी कबूल केलं होतं. पोरं तिथेच राहणारी, बरीचशी एटापल्लीकडची. दिवसभर हिफ्ज, म्हणजे कुराण पाठ करणं. पाठांतरात ती इतकी तयार की रस्त्यावरून नाटकाच्या जाहिरातीची ऑटो गेली तर ती जाहिरातही कलाकारांच्या नावांसकट म्हणून दाखवायची. माझं रीडर त्यांच्यापुढे काय टिकणार?

अडचण वेगळीच होती. मदरशाचे अध्यक्ष हाजीसाहेब, त्यांची राइस मिल आहे. त्यांनी पोरांचं 'वाचन' दारातून ऐकलं आणि खूश होऊन कमिटीसमोर डेमो ठरवला. येत्या रविवारी. पसंत पडलं तर वर्ग चालू, नाही तर तो वेळ पुन्हा हिफ्जच्या उजळणीला.

मी हाफिजजींकडे गेले. पोरांचे उस्ताद, मूळचे पोंभुर्ण्याचे.

"हाफिजजी, पोरं वाचत नाहीत. पाठ म्हणतात."

"मंग काय झालं बाई? पाठ करनं वाईट हाय का?" ते हसले. "मधातून सुरू करून पाहा. आमच्या परीक्षेत तसंच असते. परीक्षक मधलीच ओळ म्हनते, पोरानं तिथून पुढं जायचं."

मी मधलीच ओळ म्हटली. सगळा वर्ग तिथून सुटला तो शेवटाला जाऊन थांबला.

"पाहा," हाफिजजी म्हणाले, "पक्कं हाय!"

माझी झोप उडवायला तेवढं पुरे होतं.

दुसऱ्या दिवशी कात्री घेऊन गेले. रीडरची एक प्रत फाडली, शब्द सुटे कापले, स्टीलच्या वाटीत मिसळले. यासीनने एक चिठ्ठी उचलली. तिच्यावर 'बॅग' छापलेलं. तो चिठ्ठीकडे पाहतो, माझ्याकडे पाहतो.

"मॅडम, हे कोनत्या पानावरचं हाय?"

"कोणत्याच नाही."

"मंग कसं वाचू?"

तिथून खरा वर्ग सुरू झाला. एकेका अक्षराचा आवाज काढायचा, आवाज जोडायचे, शब्द उकलायचा. याला आम्ही डिकोडिंग म्हणतो. काम कंटाळवाणं. काल फर्राट्याने, कुठेही न अडखळता बोलणारी पोरं आज एका शब्दाला घाम पुसू लागली. त्यांना फक्त संभाषण आवडायचं. दाराशी मी 'चिल्ड्रन, कीप युअर स्लिपर्स आउट' शिकवलं होतं, ते त्यांनी उचललं. बकरी वऱ्हांड्यात आली तरी पोरं ओरडायची, "कीप आउट!"

शनिवारी हाजीसाहेब भेटले. "मॅडम, कल वो फर्राटेवालाच ऐकवा बरं."

"ते वाचन नव्हतं, हाजीसाहेब. आता वाचतात, पण अडखळतात."

"चार लोकांत अडखळले तर माझी काय इज्जत राहील?"

हाफिजजींनी मधला मार्ग काढला. "बाई, उद्या पाठचं ऐकवून टाका. सोमवारपासून वाचा ना खरं." सल्ला व्यवहारी होता. पण उद्या ते खपलं की कमिटी पुढचं रीडर आणून देणार, पोरं तेही पाठ करणार, आणि पुढे शाळेत कधी न पाहिलेली प्रश्नपत्रिका समोर आली की गप्प बसणार. हे कळत होतं, तरी रविवारी निघेपर्यंत मी रीडर पिशवीत टाकलं, काढलं, परत टाकलं. शेवटी घरीच ठेवलं.

कमिटी सतरंजीवर बसली. मी म्हटलं, "हाजीसाहेब, खिशात इंग्रजी छापलेलं काही आहे? काहीही चालेल."

त्यांनी बीपीच्या गोळ्यांची पट्टी काढली. ती यासीनच्या हातात गेली. अंग झुलत नव्हतं. नाक पट्टीला टेकलं होतं.

"की... कीप. आ... आउट." मग गाडी अडली. "रे... रेक?" कुणीतरी खोकलं. हाजीसाहेबांनी घड्याळ पाहिलं. "मॅडम, वो किताबवाला..."

"थांबा," मी म्हटलं. आवाज जरा चढलाच.

"चि... चिल... चिल्ड्रन."

यासीन थबकला. पुन्हा पट्टीकडे पाहिलं. मग चटकन ती हाजीसाहेबांच्या हातात ठेवली आणि मागे सरून दोन्ही हात पाठीशी नेले.

"काऊन रे? काय झालं?" हाजीसाहेबांनी विचारलं.

"हे लहान पोरायच्या हातात द्याचं नाई म्हनते. कीप आउट, चिल्ड्रन."

हाजीसाहेबांनी पट्टी डोळ्यांजवळ नेली, लांब धरली. "रोज खातो मी. असं लिहिलंय?"

"लिहिलंय," मी म्हटलं.

मागून एक सदस्य म्हणाले, "हाजीसाहेब, पोरगं बरोबर हाय. चूक तुमची हाय." सतरंजीभर हशा.

वर्ग चालू राहिला. हाजीसाहेबांनी अट घातलीच, "अगली बार थोडा फास्ट." मी हो म्हटलं. फास्ट काही झालं नाही.

सोमवारी मी माझ्या शाळेत गेले. वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी सफाईने धडा वाचत होती. मी तिच्याजवळ गेले आणि पुस्तक मिटलं. ती वाचतच राहिली.