पाहुण्यांची वही

ती रोज सकाळी म्युझियमचं कुलूप स्वतःच्या किल्लीनं उघडायची, पण त्याआधी दारावर दोनदा टकटक करायची. आत चिटपाखरू नसायचं. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हसले, तर म्हणाली, "माझ्या पणजोबांचं घर आहे. न विचारता कशी शिरू?"

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. आपण त्यांना चक्रम म्हणतो आणि मग त्यांच्याशिवाय आपल्यालाच करमत नाही.

इलिनॉयमधलं एवढंसं गाव, ऐंशीच्या दशकाची सुरुवात. नवरा ट्रॅक्टरचे भाग बनवणाऱ्या फॅक्टरीत. मला नोकरीची परवानगी नव्हती, ड्रायव्हिंग येत नव्हतं आणि जवळची मराठी माणसं शॉमबर्गला, तीन तासांवर. वेड लागायची पाळी आली, तेव्हा चालत जाता येईल अशा त्या लाकडी घरात शिरले. बैलगाड्यांतून आलेल्या पहिल्या वस्तीकरांपैकी एकाचं ते घर. तिनं ते म्युझियमसाठी गावाला देऊन टाकलं होतं आणि स्वतः पलीकडच्या गल्लीत भाड्यानं राहायची.

"बसा हो, घाई कुणाला आहे?" हे तिचं पालुपद. घाई सगळ्यांनाच असायची. कुणी नुसतं बाथरूम विचारायला आलं, तरी लोणी काढायचं उभं लाकडी पिंप दाखवल्याशिवाय ती सोडत नसे. आमच्याकडे रवीनं ताक कसं घुसळतात ते मी एकदा करून दाखवलं, तर येणाऱ्या प्रत्येकाला माझ्याकडे बोट करून सांगू लागली, "हिला येतं!" मला मेलीला तरी कुठं धड येत होतं!

वरच्या खोलीत एक पाळणा होता. पहिल्याच हिवाळ्यात त्या घरातली दोन मुलं तापानं गेली होती. तिथं आली की ती जरा वेळ उभी राहायची, मग नाक पुसून खाली यायची.

हायवे गावाबाहेरून गेला आणि माणसं यायची थांबली. गावच्या कमिटीची चिठ्ठी आली: वसंतात पाहुण्यांची वही बघू, कुणी येत नसेल तर घर पाडून पार्किंग करू. तिनं ती मला वाचायला दिली, परत घेऊन घडी घातली आणि खिडक्या पुसायला लागली. मला तिच्याकडे बघवेना.

मग मी नको तो उद्योग केला. ती जेवायला घरी गेली की वही ओढायची आणि देवनागरीत नावं लिहायची. मामा, मावश्या, कॉलेजातल्या मैत्रिणी, वाईचा आमचा दूधवाला. वारलेल्या वडिलांनाही सोडलं नाही. पाच रंगांची पेनं वापरली. म्हटलं, इथं कोण मेला वाचतोय? ती स्वतः वही उघडतच नसे. रिकामी पानं बघवत नाहीत म्हणायची.

वसंतात कमिटीच्या बैठकीला सगळं गाव लोटलं. एका निवृत्त शाळाबाईंनी चष्मा लावून पानं उलटली. "ही लिपी मला येत नाही, पण जन्मभर वह्या तपासल्यात. हे सगळं एकाच हातचं आहे." अध्यक्ष म्हणजे नवऱ्याचे मोठे साहेब. आमचे ग्रीन कार्डाचे कागद त्यांच्याच सहीनं गेलेले. ते माझ्याकडे बघायला लागले. होतं नव्हतं ते इंग्रजी कुठं पळालं कोण जाणे.

ती उठली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "मी सांगितलं तिला लिहायला. तिला बिचारीला इथलं काय कळतंय?"

आणि मी गप्प बसले. हो, गप्प! एक वाक्य बोलायचं होतं, तेवढंही झालं नाही.

मे महिन्यात घर पाडलं. लोक तिच्याशी बोलायचे, पण पूर्वीसारखं नाही. चर्चची किल्ली वर्षानुवर्षं तिच्याकडे असायची, तीही कुणी तरी मागून नेली. मी दोनदा माफी मागायला गेले. दोन्ही वेळा तिनं चहा केला, हवापाण्याचं बोलली आणि विषयच निघू दिला नाही. मलाही ते बरंच वाटलं, खोटं कशाला सांगू?

चार वर्षांनी ती गेली. तोवर ग्रीन कार्ड आलं होतं, नवऱ्यानं नोकरीही बदलली होती. भ्यायला काही उरलं नव्हतं. दूरवरून गाडी चालवत अंत्यविधीला गेले. शवपेटीपाशी त्याच शाळाबाई भेटल्या. माझा हात हातात घेऊन हळहळल्या, "फार सरळ बाई हो. जन्मात तेवढी एकच लबाडी केली, तीही तुम्हाला हाताशी धरून. खरं ना?"

मी "हो" म्हटलं.