डोक्याची सावली

मंगळवार, ११ मार्च. नळ दुरुस्त झाला. सूनबाईने पडदे धुतले. काळ्या कोटाचं रफू पुन्हा उसवावं लागलं. डोळे गेले बहुतेक. उद्या कोट परत द्यायचा आणि काम बंद करायचं.

रफूवाल्या काकूंनी वही मिटली खरी, पण मन काही मानेना. नवऱ्यामागे याच सुईवर त्यांनी घर चालवलं, मुलाला शिकवलं. गिऱ्हाईक कपडा न्यायला आलं की भोक कुठे होतं ते स्वतःच शोधत बसे. आणि मुलाच्या नव्या घरी येऊन महिना झाला नाही तोच ही गत! डॉक्टर तर म्हणत होते, चष्म्याचा नंबर बरोबर आहे. खोली अंधारी, दिवसाही दिवा लागे, म्हणून मुलाने टेबल मुद्दाम छताच्या दिव्याखाली मांडलं होतं. "आई, तू भर उजेडात बस."

बुधवारी कोटाची घडी घालायच्या आधी काकूंनी कसरीने खाल्लेल्या बाहीवर शेवटची नजर टाकली. मान पुढे केली, भोक काळोखात गेलं. कात्री घ्यायला मागे रेलल्या, तर धागा न् धागा मोकळा दिसला. पुन्हा वाकल्या, पुन्हा काळोख.

"अगं बाई! हा तर माझ्याच डोक्याचा अंधार!"

सूनबाई धावत आली. "काय झालं, आई?"

"काही नाही. कपाटाचं ते टोक धर."

काकूंना आता पाठ भिंतीला हवी होती आणि दिवा समोर, डाव्या हाताला, म्हणजे ना डोक्याची सावली पडणार, ना सुईच्या हाताची. त्या जागी नेमकं कपाट उभं होतं. ते दारामागे गेलं, टेबल त्याच्या जागी आलं.

मुलगा घरी आला आणि दारातच अडकला. "हे काय गं? मी टेप लावून टेबल बरोबर मधोमध ठेवलं होतं!"

"तुझं माप चोख होतं रे. आईचं डोकं तेवढं मापायचं राहिलं."

"आणि मी आत कसा येऊ?"

"आडवा ये," सूनबाई म्हणाली. "नाहीतर जेवण कमी कर!"

संध्याकाळपर्यंत रफू झालं. सूनबाईने बाहीवरून बोटं फिरवली, मग बाही उलटून पाहिली आणि भोक शोधता शोधता हात टेकले.

"कोटवाल्यांना निरोप दे," काकू म्हणाल्या. "आणखी कपडे असतील तर पाठवा म्हणावं."

मग त्यांनी वहीत लिहिलं: बुधवार, १२ मार्च. कोट झाला. कपाट दारामागे हलवलं. दार आता अर्धंच उघडतं.